गोंडोलिन

गोंडोलिन : जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांच्या कल्पित जगातले, बेलेरियांद प्रदेशातले एल्फांचे, म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या अमर वंशाचे, गुप्त नगर. नोल्दोर कुळातल्या तुर्गोन राजाने ते वसवले. पहिल्या युगाच्या ११६ व्या वर्षी ते वसते झाले आणि ५१० साली मोर्गोथ या एल्फांच्या महाशत्रूच्या सैन्याने ते जाळून उद्ध्वस्त केले. म्हणजे जेमतेम चारशे वर्षे. म्हातारपण न येणाऱ्या एल्फांच्या हिशेबात हा काळ काही फार नव्हे. तरीही बेलेरियांदमधल्या एल्फांच्या मोठ्या राज्यांपैकी सर्वांत शेवटी पडले ते हेच. ते लपूनच टिकले होते. त्यामुळे गोंडोलिनचा इतिहास सांगायचा तर लढायांपेक्षा त्याच्या दारांचाच सांगावा लागतो : कोण आत आले, कोण बाहेर पडले आणि कोणाला दाराशी उभे ठेवले.

नाव : तुर्गोनने नगराला प्राचीन क्वेन्या भाषेत ओन्दोलिन्दे असे नाव दिले. अर्थ, ‘जलसंगीताचा खडक’. टेकडीवर कारंजी होती, म्हणून. सिंदारिन बोलीत त्याचे गोंडोलिन झाले आणि अर्थही बदलून ‘दडलेला खडक’ असा झाला. उच्चार घसरला आणि पाण्याच्या जागी गुपित आले. टोल्किन भाषाशास्त्रज्ञ होते, तेव्हा हा बदल त्यांनी सहज केला असेल असे वाटत नाही. कथेच्या सर्वांत जुन्या रूपात नगराला चक्क सात नावे आहेत. ‘दगडांचे नगर’, ‘पहाऱ्याचा मनोरा’, ‘गुप्त स्थान’ अशी ती मोजून झाल्यावर शेवटी येते ‘लोथ’, म्हणजे फूल. नगरावर ज्यांचा सर्वाधिक जीव होता, त्यांनी वापरायचे हे नाव.

स्थान आणि उभारणी : तुर्गोन आधी समुद्रकाठच्या नेव्रास्त प्रांतात विन्यामार येथे राहत होता. जलाधिपती देव उल्मो याच्या प्रेरणेने त्याला डोंगरांच्या कड्यात दडलेले तुम्लादेनचे खोरे सापडले. एखोरिआथ नावाच्या या वर्तुळाकार पर्वतरांगेच्या आत सपाट मैदान होते आणि त्यात अमोन ग्वारेथ ही एकच खडकाळ टेकडी. त्या टेकडीवर ५२ वर्षे गुपचूप बांधकाम चालले. नगर पुरे झाल्यावर नेव्रास्तची सगळी प्रजा टोळ्याटोळ्यांनी तिकडे हलली आणि विन्यामार ओस पडले. जाण्यापूर्वी उल्मोच्या आज्ञेवरून तुर्गोनने तिथे एक चिलखत, शिरस्त्राण, ढाल आणि तलवार ठेवून दिली. पुढे कधी तरी माझा दूत ती अंगावर घालून तुझ्याकडे येईल, असे उल्मोने सांगितले होते. आपल्या हातच्या कामावर फार जीव जडवू नकोस, हेही त्याने तेव्हाच बजावले होते.

नोल्दोरांनी समुद्रापलीकडे मागे सोडलेले तिरिओन नगर डोळ्यांपुढे ठेवून गोंडोलिनची आखणी झाली. पांढऱ्या भिंती, गुळगुळीत पायऱ्या, राजाचा उंच मनोरा. राजवाड्याच्या चौकात तुर्गोनने स्वतः घडवलेले दोन वृक्ष होते, सोन्याचा ग्लिंगाल आणि चांदीचा बेल्थिल. ज्या दोन दिव्य वृक्षांचा प्रकाश मोर्गोथने कायमचा विझवला, त्यांच्या या प्रतिमा. हे नगर गमावलेल्या घराची प्रतिकृती होते. असे घर सोडून जा म्हटल्यावर तुर्गोनचा पाय का निघाला नाही, ते इथे कळते. नगराच्या आतले एवढेच वर्णन उत्तरकालीन लेखनात मिळते. गल्ल्या, बाजार, सामान्य माणसांचे दिवस यांबद्दल जवळजवळ काही नाही.

सात दारे : आतल्या नगराची उणीव दारांच्या वर्णनाने पुरेपूर भरून निघते. डोंगरातून आत जाण्याची वाट एका कोरड्या पडलेल्या नदीच्या पात्रातून, मग बोगद्यातून आणि शेवटी ओर्फाल्ख एखोर या खोल घळीतून जात असे. घळीत एकामागून एक सात दारे होती : लाकूड, दगड, कांसे, पिळाचे लोखंड, रूपे, सोने आणि पोलाद. लोखंडी दारावर गरुडराज थोरोंदोर डोंगरावर उतरतानाची प्रतिमा होती; खरे गरुड वर कड्यांवर राहून राज्याची राखण करत. रुप्याचे दार नेव्रास्तच्या मोत्यांनी मढवलेले आणि चंद्रासारखे घडवलेले. सातवे दार तर पाहणाऱ्याला दारच वाटू नये असे. दोन मनोऱ्यांच्या मधे सुईसारख्या टोकांचे सात पोलादी खांब, त्यांना जोडणारे सात आडवे गज, आणि खांबांच्या प्रत्येक फटीत भाल्याच्या पात्यांसारखी टोके असलेले सात गुणिले सात उभे गज. मधल्या खांबावर राजाच्या शिरस्त्राणाची हिरेजडित प्रतिमा. हे दार तुर्गोनचा भाचा माएग्लिन याने घडवले होते.

कायदा आणि त्याला पडलेल्या भेगा : आत आलेल्याने पुन्हा बाहेर जायचे नाही, हा गोंडोलिनचा मुख्य कायदा. तो पहिल्यांदा वाकवला तो राजाच्याच घरात. तुर्गोनची बहीण आरेधेल दोनशे वर्षांनी कंटाळली आणि हट्टाने बाहेर पडली. वाट चुकून ती नान एल्मोथच्या अंधाऱ्या रानात एओल या लोहार एल्फाच्या हाती लागली. त्यांचा मुलगा माएग्लिन. पुढे मायलेक पळून गोंडोलिनला आले आणि त्यांच्या मागावर एओलही येऊन पोचला. तुर्गोनने त्याला मेहुणा म्हणून मान दिला, पण पर्याय दोनच ठेवले : इथे राहणे किंवा मरणे. एओलने मरण निवडले, स्वतःसाठी आणि मुलासाठीही. त्याने माएग्लिनवर फेकलेला विषारी भाला आरेधेलने मधे येऊन अंगावर घेतला, आणि रात्री ती गेली. दुसऱ्या दिवशी एओलला कारागदूरच्या काळ्या कड्यावरून खाली ढकलण्यात आले. तूही असाच मरशील, असे तो जाताना मुलाला सांगून गेला. माएग्लिन काही बोलला नाही.

कायद्याला दुसरी सवलत मिळाली हूरिन आणि हूओर या मानव भावांना. ४५८ साली गरुडांनी त्यांना शत्रूच्या तावडीतून उचलून आत आणले. ते जवळजवळ वर्षभर राहिले आणि गुपित राखण्याची शपथ घेऊन गरुडांवरूनच परतले. वाट त्यांना ठाऊकच नव्हती. ४७२ च्या महायुद्धात, म्हणजे निर्नाएथ आर्नोएदिआद किंवा ‘अगणित अश्रूंच्या’ लढाईत, तुर्गोन कोणी न बोलावता दहा हजारांचे सैन्य घेऊन उतरला. लढाई हरली. तुर्गोनला माघारी जाता यावे म्हणून या दोन भावांनी आपल्या माणसांसह पिछाडी अडवून धरली. त्यात हूओर पडला आणि हूरिन जिवंत पकडला गेला.

मोर्गोथने हूरिनला २८ वर्षे कैदेत ठेवून मुद्दाम सोडून दिले. केस पिकलेला, खचलेला हूरिन एखोरिआथच्या पायथ्याशी आला. आता वाट बंद होती. गरुडांनी त्याला पाहून तुर्गोनला कळवले, पण हूरिन शत्रूला शरण गेला असणार असे समजून राजाने दार उघडले नाही. नंतर मन बदलून त्याने गरुड पाठवले तेव्हा उशीर झाला होता. दरम्यान हूरिनने कड्यांकडे तोंड करून तुर्गोनला हाक मारली होती आणि मोर्गोथच्या हेरांनी ती ऐकली. गोंडोलिन कोणत्या मुलखात आहे, हे शत्रूला अशा रीतीने कळले. गोंडोलिनच्या नाशाचा दोष सहसा एकट्या माएग्लिनच्या माथी मारला जातो. पण पहिला धागा शत्रूच्या हाती लागला तो दार उघडल्यामुळे नव्हे, न उघडल्यामुळे.

तुओरचे आगमन : हूओरचा मुलगा तुओर याला उल्मोने विन्यामारला नेले आणि तिथे ठेवलेली शस्त्रे त्याने अंगावर चढवली. त्याला वाटाड्या मिळाला वोरोन्वे. पश्चिमेच्या देवांकडे मदत मागायला तुर्गोनने पाठवलेल्या शेवटच्या जहाजावरचा हा एकटा वाचलेला खलाशी. ४९५ सालच्या कडाक्याच्या हिवाळ्यात हे दोघे पहिल्या दाराशी पोचले, तेव्हा परक्याला घेऊन आल्याबद्दल पहारेकऱ्यांनी आपल्याच माणसाला, वोरोन्वेला, जाब विचारला. सातव्या दाराशी तुओरने अंगावरचा झगा बाजूला सारला, आणि ते चिलखत पाहून त्या दाराचा रक्षक एक्थेलिओन याने त्याला आत घेतले. उल्मोचा निरोप साधा होता : नगर सोडा, सिरिओन नदीने समुद्राकडे जा. तुर्गोनने तो मानला नाही, मात्र निरोप्याला ठेवून घेतले. ५०२ साली राजकन्या इद्रिलशी तुओरचे लग्न झाले आणि पुढच्या वर्षी एआरेंदिल जन्मला.

इद्रिल ही माएग्लिनची मामेबहीण. त्याचे मन तिच्यात होते, आणि एल्फांमध्ये इतक्या जवळच्या नात्यात लग्न होत नसे. इद्रिलने त्याच्या मनातले ओळखले होते. तिने एक गुप्त भुयार खणून घेतले. नगराखालून निघून उत्तरेकडे मैदानाखालून जाणाऱ्या या भुयाराची माहिती मोजक्यांनाच होती, आणि माएग्लिनला ती लागू दिली गेली नाही.

पतन : माएग्लिनला खनिजांचा सोस होता. राजाची आज्ञा मोडून तो धातूच्या शोधात डोंगरांबाहेर गेला आणि मोर्गोथच्या क्रूर सैनिकांच्या, म्हणजे ऑर्कांच्या, हाती सापडला. छळाच्या धमकीपुढे तो नमला. गोंडोलिनची नेमकी जागा आणि तिथे शिरण्याच्या वाटा त्याने सांगून टाकल्या. बदल्यात नगराची सत्ता आणि इद्रिल देण्याचे मोर्गोथने कबूल केले. मग तो घरी परतला आणि वर्षभर काही घडलेच नाही अशा थाटात वावरला.

५१० च्या उन्हाळ्यातल्या सणाची रात्र होती. सूर्योदयाचे स्वागत गाऊन करायचे म्हणून सारे नगर तटावर जमून पूर्वेकडे पाहत होते. उजेड फुटला, पण उत्तरेला आणि तांबडा. बाल्रोग हे अग्निदैत्य, ऑर्क, लांडगे आणि ड्रॅगन अशी मोर्गोथची फौज डोंगर सर्वांत उंच, म्हणून पहारा सर्वांत सैल, अशा बाजूने उतरत होती. सात दारांचा उपयोग झाला नाही.

राजाच्या चौकात एक्थेलिओन आणि बाल्रोगांचा सरदार गोथमोग यांनी एकमेकांना ठार केले. इद्रिलला आणि मुलाला पळवू पाहणाऱ्या माएग्लिनला तुओरने तटावरून खाली फेकले. खालच्या आगीत पडण्याआधी त्याचा देह टेकडीच्या खडकांवर तीनदा आपटला. तुर्गोन मनोऱ्याबरोबर कोसळला. भुयारातून निसटलेल्यांना किरिथ थोरोनाथ खिंडीत पुन्हा शत्रूने गाठले. तिथे नगराचा एक सरदार ग्लॉरफिंडेल एका बाल्रोगाशी झुंजत त्याच्यासकट दरीत गेला. थोरोंदोरने त्याचा देह वर आणला, लोकांनी त्यावर दगड रचले, आणि त्या उजाड जागी पुढे पिवळी फुले येऊ लागली. वाचलेले लोक सिरिओनच्या मुखाशी पोचले, म्हणजे उल्मोने सांगितले होते तिथेच. युगाच्या अखेरच्या युद्धात जवळजवळ सगळे बेलेरियांद समुद्राखाली गेले.

लेखनेतिहास : टोल्किन यांच्या एल्फकथांपैकी ही सर्वांत आधी लिहिलेल्यांपैकी एक. १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सॉमच्या लढाईत असताना त्यांना खंदकज्वर झाला आणि ते इंग्लंडला परतले. त्या आजारपणात, १९१६–१७ च्या सुमारास, ही कथा कागदावर उतरली. या पहिल्या रूपात ड्रॅगनांच्या जोडीला लोखंडाचे सरपटते राक्षस आहेत, पोटातून ऑर्क वाहून नेणारे. सप्टेंबर १९१६ मध्ये त्याच सॉमवर रणगाडे प्रथम उतरले होते, आणि अनेक अभ्यासकांनी या दोहोंची सांगड घातली आहे. बाल्रोगही या कथेत शेकड्यांनी आहेत. नंतरच्या एका टिपणात टोल्किन यांनी त्यांची एकूण संख्या फार तर सातवर आणून ठेवली. १९२० मध्ये त्यांनी ही कथा ऑक्सफर्डमधल्या एक्सेटर कॉलेजच्या निबंध मंडळापुढे वाचून दाखवली.

१९५१ च्या सुमारास त्यांनी ती पुन्हा, सावकाश आणि भारदस्त शैलीत लिहायला घेतली. दारांची वर्णने याच मसुद्यातली. तुओर सातवे दार ओलांडतो, बर्फाने पांढऱ्या झालेल्या खोऱ्यात त्याला दुरून नगर दिसते, आणि लेखन तिथेच थांबते. ते पुढे कधीच पुरे झाले नाही. पतनाचे सविस्तर वर्णन त्यामुळे तरुणपणीच्या त्या पहिल्या कथेतच उरले. मुलगा ख्रिस्तोफर यांनी संपादित केलेल्या ‘द सिल्मारिलियन’मध्ये (१९७७) पतनाचा फक्त सारांश आहे, अपुरा मसुदा १९८० मध्ये, तर मूळ कथा १९८४ मध्ये छापली गेली. सगळी रूपे एकत्र देणारे ‘द फॉल ऑफ गोंडोलिन’ २०१८ मध्ये आले, तेव्हा ख्रिस्तोफर ९३ वर्षांचे होते.

छापील पुस्तकात मात्र हे नाव त्याच्या कितीतरी आधी, १९३७ च्या ‘द हॉबिट’मध्ये, येऊन गेले होते. तिथे ट्रोलांच्या गुहेतल्या लुटीत जुन्या तलवारी सापडतात. त्यांवरची अक्षरे वाचून एल्रोंद सांगतो की या गोंडोलिनच्या आहेत आणि यांतली ग्लामद्रिंग तिथल्या राजाने वापरली होती. हा एल्रोंद एआरेंदिलचा मुलगा, म्हणजे तुर्गोनचा पणतू.