सातेरी पेटी सोडून का जाते?

गेल्या श्रावणात ठाण्यात घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला, येऊरच्या पायथ्याशी असलेल्या एका काकूंच्या परसात मी सातेरी या आपल्या देशी मधमाशीची रिकामी पेटी पाहिली. आत एकही मेलेली माशी नव्हती. पोळी जागच्या जागी, मधाचा थेंब नाही आणि चौकटींवर मेणकिड्याची जाळी. कीड लागली म्हणून माश्या गेल्या, असं काकूंना वाटत होतं. मला वाटतं, क्रम उलटा होता. माश्या भरपूर असतात तोवर त्या या किड्याच्या अळ्या उचलून बाहेर टाकतात. राखण करायला कोणी उरलं नाही, की मेण त्याचंच.

मग माश्या का गेल्या?

आग्या आणि फुलोरी या मधमाश्या उघड्यावर एकच पोळं बांधतात, त्या पेटीत राहत नाहीत. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी पोळी लावते, म्हणून तिला पेटी मानवते. पण ही काही गोठ्यातली गाय नव्हे. युरोपातून आलेल्या मेलिफेरा या पाळीव मधमाशीच्या मूळ मुलखात लांब हिवाळा असतो. तिथे थंडीत घर सोडणं म्हणजे मरण, म्हणून ती मध साठवून तग धरते. सातेरीच्या मुलखात इथला फुलोरा संपला तरी पलीकडच्या खोऱ्यात काहीतरी फुललेलं असतं. त्यामुळे उपासमार दिसू लागली की ती मुक्काम हलवते, आणि तेही घाईने नव्हे. राणी अंडी घालणं कमी करते, असलेली पिल्लं बाहेर पडेपर्यंत कामकरी माश्या थांबतात, उरलेला मध पोटात भरून घेतात आणि एके दिवशी सगळ्या निघून जातात. रागावून गेल्या असं आपल्याला वाटतं. खरं तर हा लाखो वर्षांत घडलेला शहाणपणा आहे आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

ठाण्यात हा उपास पावसाळ्यात येतो. उन्हाळ्यात शेवगा, जांभूळ, करंज, खाडीकाठचा तिवर अशी चंगळ असते. जून लागला की धो धो पावसात उडता येत नाही आणि उघड्या फुलांतला मकरंद धुऊन जातो. येऊरच्या जंगलातली कारवी पावसाळ्यातच फुलते, पण आठ वर्षांतून एकदा; २०१६ला फुलली, नंतर २०२४ला. म्हणून जून ते सप्टेंबर साखरेचा पाक द्यावा लागतो: साखर आणि पाणी समप्रमाणात, तेही तिन्हीसांजेला, पेटीच्या आत. बाहेर सांडला तर मुंग्या येतात आणि दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटालूट करतात. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. त्यांतलं पाणी आठवड्याच्या आत बदलायलाच हवं, नाहीतर डेंग्यूचे डास आपणच पाळू.

डासांवरचा धूर हे शहरातलं वेगळंच संकट. त्यातलं कीटकनाशक माशीलाही मारतं. सोसायटीत धुराची वेळ आधी विचारून ठेवावी. तेवढा वेळ पेटीच्या दाराला जाळी आणि वर ओलं पोतं.

नवखा माणूस आणखी एक चूक करतो. कौतुकाने रोज झाकण उघडतो. पिल्लांना ३४-३५ अंश सेल्सिअस उबेची गरज असते, आणि वारंवारच्या उघडझाकीनेही सातेरी घर सोडते. बघायचंच तर दाराशी बसून बघा. पायांना परागाचे पिवळे गोळे लावून माश्या येत असतील, तर आत पिल्लं वाढताहेत. उघडीप असूनही दोन-तीन दिवस पराग दिसला नाही, तर वाट न पाहता झाकण उघडून मध किती उरलाय ते बघा आणि त्याच संध्याकाळी पाक ठेवा.