मुदतीआधी एअरलाइन सोडताय? प्रशिक्षण बॉण्ड, नोटीस आणि एनओसी

बॉण्डचे पैसे भरले की आपण मोकळे, असे अनेक वैमानिक धरून चालतात आणि इथेच अडकतात. बॉण्ड हा तुमचा आणि कंपनीचा करार आहे: प्रशिक्षणाच्या बदल्यात ठरावीक काळ नोकरी करा, नाहीतर ठरलेली रक्कम भरा. नोटीस पिरियड मात्र डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमातून येतो: २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनसाठी एक वर्ष, को-पायलटसाठी सहा महिने. वैमानिक संघटनांनी या नियमाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. कंपनीने राजीनामा लवकर स्वीकारून एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) दिली, तरच ही मुदत कमी होते. २०२३ मध्ये ४३ वैमानिक नोटीस पूर्ण न करता गेले, तेव्हा अकासा एअरने त्यांच्यापैकी काहींना मुंबई उच्च न्यायालयात खेचले होते.

बॉण्ड कोणाला लागू? साधारणपणे ज्याच्या टाइप रेटिंगचा (विशिष्ट प्रकारचे विमान उडवण्याच्या पात्रतेचा) किंवा कमांड अपग्रेडचा (को-पायलटवरून कॅप्टन होण्याच्या प्रशिक्षणाचा) खर्च कंपनीने केला, त्याला. खर्च स्वतः केला असेल, तर कंपनी नेमके कशाचे पैसे मागते आहे ते लेखी विचारा.

आता रकमेचा मुद्दा, आणि तो नीट समजून घ्या. समजा, १५ लाखांचा तीन वर्षांचा बॉण्ड आहे आणि तुम्ही दोन वर्षे उड्डाण केले. करारात सेवेच्या प्रमाणात रक्कम घटण्याचे कलम असेल, तर देणे पाच लाख. ते कलम नसेल, तर कंपनी पूर्ण १५ लाख मागू शकते. मात्र मागितले म्हणजे मिळालेच असे नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारातली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देते. म्हणून प्रशिक्षणाचा प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे महत्त्वाचे. पण बॉण्ड मुळातच बेकायदा असतो, या भ्रमात राहू नका. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली.

राजीनामा ईमेलने द्या आणि पोच जपून ठेवा. नोटीस कोणत्या तारखेपासून मोजायची, हा वाद पुढे त्यावरच सुटतो. त्याच पत्रात बॉण्डचा लेखी हिशेब आणि एनओसी मागा. नोटीसच्या काळात ड्युटी नाकारू नका, आणि कंपनीलाही तुमचे हक्क डावलता येत नाहीत.

जवळ ठेवायची कागदपत्रे: नेमणूकपत्र, बॉण्डची सही झालेली प्रत, प्रशिक्षण सुरू झाल्याची व संपल्याची नोंद, टाइप रेटिंग आणि सिम्युलेटर चेकचे कागद, लॉगबुक, पगारपत्रके, बॉण्डपोटी पगारातून काही कापले असल्यास त्याचा तपशील.

सही करताना कोरे किंवा तारीख नसलेले चेक दिले असतील, तर त्यांचे क्रमांक शोधून ठेवा. हिशेब मिटल्यावर ते चेक परत घ्या आणि ‘येणे बाकी नाही’ असे पत्र कंपनीच्या लेटरहेडवर घ्या. रक्कम मान्य नसूनही एनओसीसाठी भरावी लागली, तर पैसे पाठवतानाच लेखी हरकत नोंदवा.