‘फाइल लॉक आहे’ म्हणून फोन करण्याआधी

आम्ही ऑफिसांचे संगणक आणि नेटवर्क सांभाळतो. दर महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास आमचा फोन खाली ठेवायला फुरसत नसते. जीएसटीआर-1 आणि 3बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची घाई, ऑफिसातल्या चौघांना एकाच वेळी तीच विक्रीची एक्सेल शीट हवी, आणि पडद्यावर ‘लॉक्ड फॉर एडिटिंग’. मग निरोप येतो: नेटवर्क बिघडलंय, माणूस पाठवा. नेटवर्क बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

शेअर फोल्डरमधली, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना उघडता येणाऱ्या फोल्डरमधली, शीट जो आधी उघडतो त्याला लिहिता येतं, बाकीच्यांना नुसती वाचता येते. दोघांना एकदम लिहू दिलं, तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचं काम राहील आणि आधीच्याचं पुसलं जाईल. लॉक आहे ते त्यासाठीच.

आमचा खरा वेळ जातो तो पुढच्या चुकीत. लॉक दिसलं की काही जण शीट डेस्कटॉपवर कॉपी करतात, तिच्यात नोंदी करतात आणि मूळ फाइल मोकळी झाली की तिच्यावर पेस्ट करतात. ‘रिप्लेस’ विचारलं की हो. एका ग्राहकाकडे असंच झालं. सकाळपासून एक ताई मूळ शीटमध्ये बिलं चढवत होत्या. त्या जेवायला उठल्या, शीट बंद केली आणि तेवढ्यात डेस्कटॉपवरची कॉपी तिच्यावर बसली. आदल्या रात्रीचा बॅकअप आम्ही काढून दिला, पण त्या सकाळची बिलं त्यात कुठून असणार? ती बिलबुकातून पुन्हा टाकावी लागली. तेव्हा कृपा करून कॉपी करू नका. संदेशातलं ‘नोटिफाय’ दाबा. फाइल मोकळी झाली की एक्सेल स्वतः कळवतं.

‘तुम्ही तिकडून लॉक तोडून का देत नाही?’ असंही विचारतात. ते काम दोन मिनिटांचं आहे. पण ज्याची शीट उघडी आहे त्याचं सेव्ह न केलेलं काम जाऊ शकतं. म्हणून आम्ही आधी त्या व्यक्तीला फोन करतो. याला उशीर लागतो हे मान्य, पण ही पद्धत आम्ही बदलणार नाही. वीज गेल्याने किंवा एक्सेल अडकल्याने लॉक नुसतंच मागे राहिलं असेल, तर खात्री करून लगेच काढतो.

फाइल कोणाकडे आहे ते संदेशातच लिहिलेलं असतं, पण सगळ्या संगणकांवर नाव ‘ॲडमिन’ असेल तर त्याचा उपयोग काय? आम्ही बसवलेल्या प्रत्येक मशीनवर एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये माणसाचं नाव टाकून देतो. माणूस बदलला की तेही बदलून घ्या.

एकच भलीमोठी शीट असेल तर ती शाखेप्रमाणे किंवा महिन्याप्रमाणे वेगळी करा, निम्मी रांग तिथेच संपते. वार्षिक देखभाल करारात ही मांडणी आम्ही वेगळे पैसे न घेता करून देतो. तिघांना खरंच एकाच शीटमध्ये एकदम लिहायचं असेल, तर ती वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीत, ठेवून मायक्रोसॉफ्ट 365 चं एक्सेल वापरावं लागेल. साध्या शेअर फोल्डरवर ते नीट जमत नाही. खर्चाचा अंदाज आमच्याकडे मागा. सहाजणांच्या ऑफिसला त्याची गरज नसेल, तर तसंही स्पष्ट सांगू.

फोन करताना फाइलचं नाव आणि संदेशात दिसलेलं माणसाचं नाव, एवढं हाताशी ठेवा.