हॉटेलची किल्ली आणि नोंदवही: ‘स्मार्ट’ खोलीमागचा दोन शतकांचा इतिहास

दिल्लीच्या विमानतळावर ‘डिजियात्रा’मुळे नुसता चेहरा दाखवून आत शिरलेला प्रवासी दोन-अडीच तासांनी पुण्यात उतरतो, विमाननगरच्या किंवा हिंजवडीच्या एखाद्या हॉटेलात पोहोचतो आणि काउंटरवर त्याला पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘सर, आधार कार्ड द्या ना, झेरॉक्स काढायचीय.’ त्याच हॉटेलात खोलीचं दार कार्ड टेकवलं की उघडतं, टॉवेल हवा असेल तर व्हॉट्सॲपवर सांगता येतं, बिल यूपीआयने भागतं. झेरॉक्स मात्र सुटत नाही.

भविष्यातल्या हॉटेलांबद्दल हल्ली जे लिहिलं-बोललं जातं त्यात रोबो फार असतात, बोलक्या खोल्या फार असतात. हॉटेलचा धंदा मुळात दोन जुन्या गोष्टींवर उभा आहे. खोलीची किल्ली कोणाकडे आहे आणि पाहुण्याची नोंद कोणाकडे आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत या दोन गोष्टी हळूहळू एकच झाल्या, आणि माझ्या मते हॉटेल-तंत्रज्ञानातली सगळ्यात मोठी घडामोड हीच आहे.

रेल्वे 1858 मध्ये पुण्यापर्यंत आली. त्याआधीचा वाटसरू नातलगाकडे उतरायचा, नाही तर देवळाच्या ओवरीत किंवा धर्मशाळेत पथारी टाकायचा. वळकटी उशाशी, पैशाचा कसा कमरेला. खोली आपली, दाराला कुलूप आपलं, हा प्रकार सामान्य प्रवाशाच्या वाट्याला फारसा येत नसे. सरकारला मात्र उतारूंच्या जागांची माहिती हवी होती. 1867 च्या सराय कायद्याने सराई चालवणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंद करणं भाग पाडलं.

कुलूपबंद खोलीची सुरुवात लांब बोस्टनमध्ये झाली होती. तिथलं ट्रेमाँट हाउस 1829 मध्ये उघडलं. आयझेया रॉजर्स या वास्तुविशारदाने बांधलेल्या या हॉटेलात खोलीच्या दाराला कुलूप होतं, इमारतीच्या आत नळ आणि संडास होते, आणि पाहुण्याला साबणाची वडी फुकट मिळायची. तोवर खाणावळवजा सरायांत अनोळखी माणसांनी एक खोली वाटून घेणं सर्रास चालत असे. त्यामुळे दाराला आपलं कुलूप असणं ही त्या काळातली चैनच होती.

लिफ्टने हॉटेलच्या दरपत्रकाची उलथापालथ केली. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यू हॉटेलात 1859 मध्ये पाहुण्यांसाठी लिफ्ट बसली. जिने चढावे लागत तोवर वरचे मजले स्वस्त असत. लिफ्ट आल्यावर रस्त्याच्या गलक्यापासून दूर असलेले तेच मजले महाग झाले. आपल्याकडे मुंबईत वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा 1860च्या दशकात इंग्लंडहून सुटा आणून जोडला गेला. त्याच हॉटेलात 7 जुलै 1896 रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं दाखवली गेली. 1903 मध्ये उघडलेलं ताज विजेच्या दिव्यांसह आणि लिफ्टसह आलं. नवं यंत्र आधी हॉटेलात दिसायचं आणि मग घरात यायचं, अशी ती दीर्घ परंपरा आहे. पुणेकरांच्या आधीच्या पिढीलाही ती ओळखीची असेल. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात प्रक्षेपण दिसू लागलं. न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट हॉटेलच्या खोल्यांत त्याआधी पंचवीस वर्षं, 1947 मध्येच टीव्ही येऊन बसला होता.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते एल्सवर्थ स्टॅटलर यांनी बफेलो शहरात 1908 मध्ये उघडलेलं हॉटेल. जाहिरात होती, दीड डॉलरमध्ये खोली आणि स्वतंत्र न्हाणीघर. हे परवडलं कसं, तर स्टॅटलरनी दोन खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून बांधली आणि मधल्या उभ्या पोकळीत पाण्याचे नळ, सांडपाण्याचे पाइप, विजेच्या तारा असं सगळं एकत्र नेलं. एकाच उभ्या रांगेतून मजल्यामागून मजले जोडले गेले आणि खर्च आटोक्यात आला. आज आपले बांधकामवाले ज्याला ‘डक्ट’ म्हणतात, तीच ही गोष्ट. बाणेरच्या कुठल्याही नव्या हॉटेलात न्हाणीघराच्या भिंतीमागे ती सापडेल. स्टॅटलरनी दाराजवळच दिव्याचं बटण दिलं, आणि कुलपाचं भोक मुठीच्या वर घेतलं. अंधारात चाचपडणाऱ्या हाताला मूठ आधी लागते आणि तिच्या आडोशाला असलेलं भोक सापडत नाही, एवढा बारीक विचार त्यामागे होता. पाहुण्याला त्या तंत्राची दखलही घ्यावी लागू नये, असं तंत्र हॉटेलात टिकतं. पुढे आलेल्या कित्येक दिखाऊ यंत्रांना हे साधलं नाही.

पुण्याचं स्वतःचं हॉटेल-जग यापेक्षा घरगुती होतं. चित्रपटसृष्टीतले नानासाहेब सरपोतदार यांनी 1935 मध्ये लक्ष्मी रस्त्यावर ‘पूना गेस्ट हाउस’ सुरू केलं. पुढे उद्योग वाढले, बाहेरचे इंजिनिअर आणि परदेशी पाहुणे येऊ लागले, आणि कोरेगाव पार्कात किर्लोस्करांचं ‘ब्लू डायमंड’ उभं राहिलं. पंचतारांकित असो की स्टेशनसमोरचं लॉज, काउंटरची रचना एकच होती. मॅनेजरच्या पाठीमागे लाकडी फळी, तिला आकडे, आकड्यांवर खोली क्रमांक कोरलेल्या पितळी बिल्ल्याच्या किल्ल्या. बिल्ला मुद्दाम जड, म्हणजे पाहुणा तो खिशात घालून गावाला निघून जाणार नाही. बाहेर पडताना किल्ली काउंटरवर द्यायची असा नियम. त्यामुळे फळीकडे एक नजर टाकली की मॅनेजरला कळायचं, कोण आत आहे आणि कोण बाहेर.

आणि काउंटरवर ती वही. लांबट, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची. रकाने ठरलेले: नाव, वय, पत्ता, कुठून आले, कुठे जाणार, येण्याचे कारण, सोबत किती माणसं, सही. ‘येण्याचे कारण’ या रकान्यात बहुतेक जण ‘खाजगी काम’ एवढंच लिहितात. परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या माहितीचा फॉर्म (2025 पर्यंत त्याला ‘सी फॉर्म’ म्हणत) 24 तासांत सरकारकडे जायला हवा. तो पूर्वी कागदावर जायचा, आता ऑनलाइन भरतात.

किल्लीला पहिला मोठा धक्का 1970च्या दशकात बसला. 1974 मध्ये अमेरिकेत गायिका कॉनी फ्रान्सिस यांच्यावर मोटेलच्या खोलीत शिरलेल्या माणसाने हल्ला केला. त्यांनी मोटेल कंपनीवर खटला भरला आणि जिंकला. धातूच्या किल्लीची अडचण तेव्हा सगळ्यांना दिसली. ती हरवते, तिची नक्कल होते, आणि आधीच्या पाहुण्याकडे नक्कल उरली असेल तर नव्या पाहुण्याला त्याचा पत्ताही नसतो. नॉर्वेच्या टूर सोर्नेस यांनी यावर उपाय काढला. प्लास्टिकचं कार्ड, त्यावर 32 जागा, प्रत्येक जागी भोक असेल किंवा नसेल. यातून सुमारे 429 कोटी वेगवेगळ्या किल्ल्या होतात. मुख्य कल्पना पुढेच आहे. पाहुणा बदलला की कुलूप तेच ठेवून त्याचा संकेत, म्हणजे कोड, बदलायचा. ‘व्हिंगकार्ड’ नावाने हे कुलूप बाजारात आलं आणि अटलांटाच्या पीचट्री प्लाझा हॉटेलात ते सुरुवातीलाच बसलं.

भोकांच्या जागी पुढे चुंबकीय पट्टी आली. चुंबकाजवळ ठेवलं की तिच्यावरची माहिती पुसली जायची आणि पाहुण्याला पुन्हा काउंटर गाठावं लागायचं. मग नुसतं टेकवायचं कार्ड आलं, आणि 2014-15 च्या सुमारास स्टारवुड आणि हिल्टन या हॉटेल-साखळ्यांनी मोबाइलच किल्ली केला. बरीचशी कुलपं दारातल्या साध्या बॅटरी सेलवर चालतात आणि काउंटरशी वायरने जोडलेली नसतात. कार्डच निरोप्याचं काम करतं. नव्या पाहुण्याचं कार्ड पहिल्यांदा टेकलं की कुलूप जुना संकेत टाकून देतं. आणि हे कुलूप एक जास्तीचं काम करतं. कोणत्या कार्डाने, किती वाजता दार उघडलं, याची टिपण ते स्वतःजवळ ठेवतं. मॅनेजर फळीकडे बघून जे ओळखायचा ते आता तारीख-वेळेसकट साठून राहतं. किल्ली आणि नोंदवही एक झाली ती इथे.

आरक्षणाचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जातो. हॉलिडे इनने 1965 मध्ये ‘होलिडेक्स’ ही संगणकीय आरक्षणव्यवस्था आणली आणि दूरच्या गावची खोली बसल्या जागी पक्की करता येऊ लागली. भारतात ताज समूहाने 2004 मध्ये बंगळुरूत ‘इंडीवन’ काढलं. तेच पुढे ‘जिंजर’ झालं आणि पिंपरीतही आलं. कमी माणसं, कमी थाटमाट आणि स्वतःच चेक-इन करायचं यंत्र, ही त्याची कल्पना होती.

मग रोबोंची लाट आली. जपानमध्ये सासेबो इथल्या हुइस टेन बॉश या मनोरंजन नगरीत जुलै 2015 मध्ये ‘हेन ना’ हॉटेल सुरू झालं. काउंटरवर डायनासोरच्या रूपातला रोबो, सामान वाहणारा रोबो, खोलीत उशाशी ‘चुरी’ नावाची बोलकी बाहुली. रोबोंनी चालवलेलं जगातलं पहिलं हॉटेल म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली. 2019 च्या सुरुवातीला बातमी आली की 243 रोबोंपैकी निम्म्याहून अधिक रोबो कामावरून काढले. चुरीला पाहुण्याचं घोरणं म्हणजे आज्ञा वाटायची आणि ती मध्यरात्री त्याला उठवून ‘नीट समजलं नाही, पुन्हा सांगा’ म्हणायची. सामान वाहणारे रोबो शंभरेक खोल्यांपैकी 24 खोल्यांपर्यंतच पोहोचू शकायचे. आणि काउंटरवरचा डायनासोर अडला तो पासपोर्टपाशी. परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत काढायला शेवटी माणसालाच यावं लागायचं. विमाननगरच्या काउंटरवरची झेरॉक्स आणि सासेबोच्या डायनासोरची अडचण एकच आहे.

म्हणूनच आपल्याकडच्या हॉटेलवाल्यांनी रोबोवर पैसे घालण्याआधी नोंदवहीचा नीट विचार करावा, असं मला कळकळीने वाटतं.

पुण्यात ही वही क्षुल्लक नाही. 13 फेब्रुवारी 2010 रोजी कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, 17 जणांचे प्राण गेले. लष्कर-ए-तोयबासाठी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली हा अमेरिकी नागरिक त्याआधी पुण्यात येऊन त्याच परिसरातल्या हॉटेलात राहून गेला होता, हे तपासात पुढे आलं. मुंबईवरच्या 2008 च्या हल्ल्यानंतर कडक होऊ लागलेली तपासणी त्यानंतर पुण्यात आणखी कडक झाली. सामानाची तपासणी, सीसीटीव्ही, ओळखपत्राची प्रत या गोष्टी लहान लॉजपर्यंत पोहोचल्या. पोलिसांना नोंद हवी असते आणि ती का हवी हे या शहराला समजावून सांगावं लागत नाही.

पण साठवलेली नोंद सांभाळावीही लागते. मॅरियटने नोव्हेंबर 2018 मध्ये जाहीर केलं की त्यांनी विकत घेतलेल्या स्टारवुडच्या आरक्षणव्यवस्थेत 2014 पासून कोणीतरी घुसून बसलं होतं. जास्तीत जास्त 38 कोटी 30 लाख नोंदींना त्याची झळ पोहोचल्याचा कंपनीचा नंतरचा अंदाज होता. त्यात 50 लाखांवर पासपोर्ट क्रमांक कोणत्याही कूटबद्धतेशिवाय, म्हणजे कोणालाही सरळ वाचता येतील असे, साठवलेले होते. कुलपांची गतही बरी नाही. 2012 मध्ये कोडी ब्रोशियस या संशोधकाने ओनिटी कंपनीची कुलपं फारच स्वस्तातल्या सुट्या भागांच्या उपकरणाने उघडून दाखवली. मार्च 2024 मध्ये संशोधकांच्या एका गटाने ‘साफलॉक’ कुलपांतली त्रुटी जाहीर केली. 131 देशांतली 30 लाखांहून अधिक दारं त्यात येत होती. कंपनीला त्यांनी ती सप्टेंबर 2022 मध्येच कळवली होती, तरी जाहीर करेपर्यंत जेमतेम 36 टक्के कुलपं दुरुस्त झाली होती. कारण प्रत्येक कुलपापाशी माणूस जावा लागतो. पितळी किल्ली हरवली तर एका खोलीचा प्रश्न असायचा. इथे एकाच हॉटेलच्या साध्या कार्डावरून तिथल्या सगळ्या खोल्या उघडण्याची सोय होत होती.

आपल्याकडे झेरॉक्सचा प्रश्न मे 2022 मध्ये एकदा ऐरणीवर आला होता. आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं की हॉटेलं आणि चित्रपटगृहांसारख्या परवाना नसलेल्या खाजगी संस्थांना आधारची प्रत घेण्याचा किंवा ठेवण्याचा अधिकार नाही. गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत, 29 मे रोजी, ते मागे घेण्यात आलं. काउंटरवरचा रिवाज जसाच्या तसा राहिला. त्या प्रती किती दिवस ठेवायच्या, कुठल्या कपाटात, रद्दीत जाताना फाडायच्या की नाही, हे काउंटरवर विचारलं तर ठाम उत्तर क्वचितच मिळतं. व्हॉट्सॲपवर मागवलेला आधारचा फोटो तर रिसेप्शनवरच्या मोबाइलच्या गॅलरीतच पडून राहतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होणार आहेत. मोबाइलवरची किल्ली, कुलपातली वेळांची टिपण, काउंटरवर स्कॅन केलेलं ओळखपत्र, हा सगळा डिजिटल डेटा या कायद्याखाली येतो. संमती मागताना कोणती माहिती घेतोय आणि कशासाठी, हे पाहुण्याला सांगावं लागेल, आणि काम झाल्यावर दुसऱ्या एखाद्या कायद्यासाठी लागत नसेल तर ती पुसावी लागेल. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय पाहुण्याला द्यायचा आहे, त्यामुळे पुण्याच्या काउंटरवर ती मराठीत मागता येईल. तोवर शेवटचे चारच आकडे दाखवणारं ‘मास्क्ड’ आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावं आणि काउंटरवर आधी तेच पुढे करावं.