थ्रीडी मॉन्स्टर मेझ

सिंक्लेअर झेडएक्स८१ या ब्रिटिश गृहसंगणकासाठी माल्कम इव्हान्स यांनी रचलेला भूलभुलैयाचा खेळ. रचना बहुधा १९८१ च्या अखेरीस पूर्ण झाली, जे. के. ग्रे सॉफ्टवेअरने तो १९८२ च्या आरंभी कॅसेटवर विक्रीस आणला. काही सूचींत १९८१ हे प्रकाशनवर्ष आढळते, तेथे रचना आणि विक्री यांची गल्लत झालेली दिसते. पुढे इव्हान्स यांच्याच न्यू जनरेशन सॉफ्टवेअरने तो पुन्हा काढला.

गृहसंगणकावरील पहिला त्रिमितीय खेळ, असा त्याचा उल्लेख वारंवार होतो. तो जसाच्या तसा मान्य करणे कठीण आहे. खेळाडूच्या नजरेतून दिसणारे बोळ ‘मेझ वॉर’ या खेळात १९७३ च्या सुमारास आले होते, तो मात्र इमलॅक यंत्रावरचा, आणि ते गृहसंगणक नव्हते. अ‍ॅपल टू या घरगुती यंत्रावरील ‘अकालाबेथ’ या खेळातील (१९८० च्या सुमारास) तळघरेही त्याच पद्धतीने काढलेली आहेत. तेव्हा झेडएक्स८१ वरील आद्य त्रिमितीय खेळांपैकी एक, एवढाच दावा सुरक्षित ठरतो. पाठलागाची धास्ती इतक्या तुटपुंज्या यंत्रावर उभी करणे, हे त्याचे खरे वेगळेपण.

यंत्राची मूळ स्मृती अवघी १ किलोबाइट. खेळासाठी बाहेरून जोडायची १६ किलोबाइटची जोडस्मृती लागे. रंग नाही, आवाज नाही. पडद्यावर ३२ × २४ अक्षरघरे. प्रत्येक घराचे चार चौकोन पाडले तरी ६४ × ४८ ठोकळेच हाती येतात. शिवाय पडद्यावरील चित्र टिकवून ठेवण्याचे कामही झेड८० प्रक्रियकाकडेच असल्याने आकडेमोडीला थोडाच वेळ उरे. म्हणून वेगाची निकड असलेला भाग यंत्रभाषेत, म्हणजे प्रक्रियकाला थेट कळणाऱ्या आज्ञांत, व उरलेला बेसिक या सोप्या पण संथ संगणकभाषेत लिहिलेला आहे.

आरंभी जत्रेतला पुकारणारा प्रेक्षकांना आत बोलावतो. १६ × १८ घरांचा भूलभुलैया दर खेपेस नव्याने तयार होतो. आत टायरॅनोसॉरस रेक्स दबा धरून असतो. आवाजाची उणीव पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या ओळी भरून काढतात: तो तुमच्या शोधात आहे, पावले जवळ येत आहेत, त्याने तुम्हाला पाहिले आहे. मग समोरच्या बोळात काळे ठोकळे टप्प्याटप्प्याने मोठे होत जातात आणि अखेरीस जबडा पडदा व्यापतो. पाठलाग चालू असताना टाकलेल्या प्रत्येक पावलाला ५ आणि बाहेर पडल्यास २०० गुण मिळतात.