येऊरचा गार्ड नेमकं काय राखतो?

ठाण्यात उपवन तलावाच्या बाजूने येऊरच्या जंगलाचा चढ लागला की वनखात्याचा नाका येतो. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी इथे खाकीतली माणसं गाड्या अडवून डिकी उघडायला लावतात. ठाणेकर त्यांना सरसकट ‘फॉरेस्टवाले’ म्हणतात, पाड्यांवर ‘गार्ड’ म्हणतात आणि सरकारी कागदावर ते वनरक्षक असतात. कुणी ‘रेंजर’ म्हटलं तर ते चुकीचं. रेंजर म्हणजे वनक्षेत्रपाल, गार्डच्या वर वनपाल आणि त्याच्या वरचा साहेब. इंग्लंडात रानवाटा सांभाळत, लोकांना पक्षी दाखवत पायी हिंडणाऱ्याला रेंजर म्हणतात. आपल्याकडे नाव साहेबाला मिळालं, पायपीट गार्डच्या वाट्याला आली. हे असं का झालं, ते कळायला खातं कशासाठी निघालं इथपर्यंत मागे जावं लागतं.

ते निघालं लाकडासाठी. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग लागत होता आणि उत्तर कोकणातलं सागवान त्या मानाने हाताशी होतं. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याला पहिला वनसंरक्षक मिळाला, अलेक्झांडर गिब्सन. हा मूळचा डॉक्टर, पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग सांभाळणारा. मग १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे आगगाडी धावली आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकडाची मागणी वाढतच गेली. १८६४ मध्ये देशपातळीवर वनखातं उभं राहिलं, १८६५ आणि १८७८ मध्ये कायदे आले, जंगल ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ झालं. साग मोजायचा, तोडीच्या झाडावर हातोड्याने शिक्का मारायचा, विनापरवाना कोयता चालवणाऱ्याला धरायचं, यासाठी बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या हद्दीत, माणूस हवा होता. गार्ड ही जागा अशी तयार झाली. झाड सरकारचं, चोर गावकरी, हे त्यातलं गृहीतक.

ठाणे जिल्ह्यात हे गृहीतक सगळ्यात जास्त टोचलं ते राबाच्या बाबतीत. आज शहरात राहणाऱ्यांना राब सांगावा लागतो. पावसाआधी ऐन-किंजळाचा टहाळ छाटायचा, तो शेणगोवर, गवत, पातेऱ्यासह रोपाच्या जागेवर पसरायचा, वर मातीचा थर द्यायचा आणि पेटवायचं. त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं, नाचणीचं रोप जोमानं येतं, तणही कमी. म्हणजे झाड नुसतं सरपण नव्हतं, ते शेतीचं अवजार होतं. खात्याच्या लेखी मात्र टहाळ तोडणं म्हणजे झाडाची वाढ मारणं. त्यावर निर्बंध आले आणि कुणबी, आगरी, वारली, ठाकूर सगळेच अडचणीत आले. ओरड इतकी वाढली की १८८५ मध्ये ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. त्या काळच्या गार्डला पगार जेमतेम आणि हातात मात्र कुणाची चूल पेटेल न पेटेल हे ठरवायची ताकद. ‘जंगलखात्याचा माणूस आला’ हे वाक्य पाड्यांवर कोणत्या सुरात म्हटलं जात असेल, ते वेगळं सांगायला नको.

आज ज्या भागाला आपण सहजच नवी मुंबईचं शेजार म्हणतो, त्या उरणमध्ये हा राग रस्त्यावर आला. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांतले एक नवश्या महादेव कातकरी. सत्याग्रह ज्या १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या अमलात झाला, तोच कायदा दुरुस्त्यांसह आजही चालू आहे. संशयिताला वॉरंटाशिवाय पकडायचा अधिकार आजच्या अधिकाऱ्यालाही तिथूनच मिळतो.

स्वातंत्र्यानंतर राखायची वस्तू बदलली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि साग मागे पडून बिबट्या, सांबर पुढे आले. बोरिवलीच्या उद्यानाला १९८१ मध्ये संजय गांधींचं नाव मिळालं. आज ते सुमारे १०३ चौरस किलोमीटर आहे आणि येऊर ही त्याची ठाण्याकडची बाजू. मधेच ३० ऑगस्ट १९७५ ला एका कायद्याने खाजगी वनं सरकारजमा झाली. तेव्हापासून ठाणे-मुलुंड पट्ट्यात ‘पस्तीस-तीनची नोटीस’ (खाजगी जमीन वन ठरवण्याआधी १९२७ च्या कायद्याच्या कलम ३५(३) खाली मालकाला दिलेली नोटीस) हा शब्दप्रयोग वकील, बिल्डर आणि गार्ड तिघांच्याही तोंडी आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ जुन्या नोटिशींच्या आधारे जमीन वन ठरवता येणार नाही, असा निकाल दिला. झाडं ओळखायला शिकलेल्या माणसाला सातबारा वाचायची वेळ आली, ती अशी.

मग २००४ उजाडलं. त्या जूनमध्ये या उद्यानाभोवती बिबट्यांच्या हल्ल्यांत दहाच्या आसपास माणसं गेली. पिंजरे लागले. पण वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया यांच्या जुन्नर भागातल्या अभ्यासातून वेगळंच दिसत होतं: पकडून परक्या जंगलात सोडलेल्या बिबट्यांमुळे संघर्ष उलट वाढतो. हळूहळू भर पिंजऱ्यावरून कचरा, भटकी कुत्री, अंधाऱ्या वाटा आणि माणसांची समजूत यांवर आला. वारल्यांना यात नवीन काही नव्हतं, ते वाघोबाला, म्हणजे वाघ-बिबट्याच्या देवाला, पूर्वापार पुजत आले आहेत. २० फेब्रुवारी २०१९ ला पहाटे बिबट्या ठाण्यातल्या कोरम मॉलच्या पार्किंगमध्ये शिरला, पुढे जवळच्या हॉटेलात सापडला. बेशुद्ध करून पकडणं एकवेळ जमतं. माझ्या मते त्या दिवशीचं अवघड काम मोबाइल उंचावून उभी असलेली गर्दी मागे सारण्याचं होतं. ते लाठीवाल्या गार्डच्याच अंगावर पडतं.

वर्षाचं बाकीचं काम यापेक्षा बरंच रटाळ आहे. हिवाळा सरताना जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत-पातेरा काढून मोकळे ठेवलेले पट्टे) काढायच्या, मग वणव्यामागे धावायचं, उन्हाळ्यात पाणवठे भरायचे, बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्रभर बसून आलेले प्राणी टिपायचे. पाटोणापाडा, वनीचा पाडा, जांभूळपाडा इथल्या लोकांना २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलजमिनीवर दावा सांगायचा रस्ता दिला, आणि ज्यांच्या आजोबांचा कोयता जप्त व्हायचा, त्यांच्याच मदतीवाचून गार्डला वणवा विझवता येत नाही.

सगळ्यात नवी बाजू खाडीकडची. तिवरांकडे, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनाकडे, खातं कित्येक वर्षं जंगल म्हणून पाहतच नव्हतं. चिखलातल्या झुडपाचा ना वासा होतो ना स्लीपर. ६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाच्या तोडीवर आणि त्यापासून ५० मीटरच्या आतल्या बांधकामावर बंदी घातली, सरकारी जमिनीवरचं कांदळवन वनखात्याकडे द्यायला सांगितलं. २०१२ मध्ये खात्यात वेगळा कांदळवन कक्ष झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, जेमतेम १७ चौरस किलोमीटरचं, त्यातलं निम्मं पाणीच. २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणूनही नोंदलं गेलं. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला विमानाच्या धडकेने चाळीसच्या आसपास फ्लेमिंगो मेले, तेव्हा अंधारात ते वेचायला वनखात्याचे लोक उतरले होते.

इथे चोर कोयता घेऊन येत नाही. तो रात्री डंपर घेऊन येतो, राडारोडा ओततो आणि भरतीचं पाणी आत येण्याची वाटच बुजवतो. पाणी तुटलं की तिवर आपोआप वाळतं, कुऱ्हाडीची खूण राहत नाही.

वनरक्षकाच्या भरतीत आजही पुरुषांना पाच किलोमीटर आणि महिलांना तीन किलोमीटर धावून दाखवावं लागतं. ऐरोलीच्या चिखलात मात्र गुडघ्यापर्यंत पाय रुततो आणि होडी पाण्याच्या वेळेनेच निघते. ओहोटी कधी लागेल, कोणत्या खाजणात होडी अडकेल, हे ऐरोलीच्याच दिवा गावातल्या कोळ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. गार्डला ते विचारून घ्यावं लागतं.