बीएमएस-बीबीएचे प्रवेश सीईटीच्या दारात कसे आले

2024 साली बारावीचा निकाल 21 मे रोजी लागला आणि आठच दिवसांनी, 29 मे रोजी, बीबीए, बीसीए, बीएमएस आणि बीबीएम या व्यवस्थापनाच्या आणि संगणकाच्या पदव्यांसाठी महाराष्ट्रातली पहिली सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, झाली. आदल्या वर्षापर्यंत या पदव्यांचा प्रवेश म्हणजे बारावीचे टक्के, कॉलेजची गुणवत्ता यादी आणि कटऑफ. त्यामुळे निकाल हातात आल्यावर फॉर्म भरायला गेलेल्या कितीतरी मुलांना तिथे गेल्यावर कळले की अशी एक परीक्षा होती आणि तिच्या नोंदणीची मुदत केव्हाच संपली आहे. एक लाखाहून अधिक जागा होत्या, परीक्षेला बसले 48 हजारांच्या आसपास. त्या उन्हाळ्यातल्या गोंधळाचे खापर परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलवर फुटले. पण ही वेळ एका वर्षात आलेली नव्हती. व्यवस्थापनाची पदवी ही बी.ए., बी.कॉम.सारखी पारंपरिक पदवी मानायची की इंजिनिअरिंगसारखी व्यावसायिक, हा प्रश्न पंचवीस वर्षे टाळला गेला. प्रवेशाचे, शुल्काचे आणि परीक्षेचे नियम का बदलत गेले, हे समजायचे तर तिथपासून सुरुवात करावी लागते. खरे तर त्याच्याही बऱ्याच आधीपासून.

मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झाले, पण व्यापाराचे शिक्षण विद्यापीठाच्या पदवीला लायक मानले जायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला. गिरण्या उभ्या राहिल्या, बँका आल्या, कापसाचा बाजार जगाशी जोडला गेला, तरी हिशेबनीस तयार व्हायचा तो पेढीवरच. 1913 मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख होतो. त्या वर्षी निवृत्त झालेल्या गव्हर्नरांचे नाव त्याला मिळाले. याच कॉलेजात 1918 ते 1920 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे माटुंग्याचे पोदार कॉलेज 1941 मध्ये आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय (बीएमसीसी) 1943 मध्ये पुण्यात उभे राहिले. व्यापाऱ्यांच्या देणग्या आणि शिक्षणसंस्थांची चिकाटी यांतून वाणिज्य शाखा वाढली. स्वातंत्र्यानंतर सरकारी अनुदान आले आणि कला, विज्ञान, वाणिज्य या तीन शाखांचे त्रिकूट पक्के झाले. शुल्क माफक आणि प्रवेश मागच्या परीक्षेच्या गुणांवर. खेड्यातल्या मुलाला तालुक्याच्या कॉलेजात बी.कॉम. करता येईल, अनेक ठिकाणी मराठीतून पेपर लिहिता येईल, अशी ही व्यवस्था होती. तिचे मोल आजही कमी लेखू नये. बँकेत, सहकारी साखर कारखान्यात, पतसंस्थेत आणि सरकारी कचेरीत नोकरीला लागलेल्या कितीतरी घरांची पहिली पदवी बी.कॉम.च होती.

सत्तरच्या दशकात 10+2+3 हा आकृतिबंध आला आणि अकरावी-बारावीचे वर्ग बऱ्याच ठिकाणी पदवी महाविद्यालयांच्याच इमारतीत भरू लागले. त्यातून ‘इनहाऊस’ विद्यार्थी ही कल्पना रुजली. ज्याने अकरावी-बारावी आमच्याकडे केली, त्याला पदवीच्या पहिल्या वर्षाला (एफवायला) आधी जागा. नामांकित कॉलेजांच्या गुणवत्ता याद्या बाहेरच्या मुलांसाठी इतक्या वर का चढतात, याचे एक उत्तर इथे आहे. शिल्लक उरलेल्या जागांवरच त्यांची लढत असते.

व्यवस्थापन मात्र या घरातले नव्हते. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट 1965 मध्ये सुरू झाली आणि मॅनेजमेंट म्हणजे पदवीनंतर घ्यायचे शिक्षण, हा समज इथे पक्का झाला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई, 1945 पासून सल्लागार मंडळ म्हणून होती. 1987 च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले आणि त्या कायद्यातील तंत्रशिक्षणाच्या व्याख्येत अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र यांच्याबरोबर व्यवस्थापनही होते. पण पदवी स्तरावर व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम तेव्हा फारसे नव्हतेच. त्यामुळे परिषदेची नजर एमबीएपर्यंतच राहिली.

1999-2000 मध्ये मुंबई विद्यापीठाने बीएमएस सुरू केला. माझ्या मते या साऱ्या कहाणीतले सर्वांत महत्त्वाचे वळण हेच. अभ्यासक्रम देखणा होता. मार्केटिंग, फायनान्स, मनुष्यबळ व्यवस्थापन, प्रोजेक्ट, सादरीकरणे, साठ मुलांची तुकडी. प्रवेशातही एक चांगला विचार होता: सगळ्या जागा वाणिज्य शाखेने खाऊ नयेत म्हणून वाणिज्यासाठी 45 टक्के, कला आणि विज्ञानासाठी प्रत्येकी 25 टक्के आणि पदविकाधारकांसाठी 5 टक्के अशी वाटणी केली गेली. व्यवस्थापनाच्या वर्गात इतिहास शिकलेली मुलगी आणि भौतिकशास्त्र शिकलेला मुलगा शेजारी बसावेत, ही दृष्टी आजच्या बहुविद्याशाखीय घोषणांच्या कितीतरी आधीची आहे. पण अभ्यासक्रम स्वयंअर्थसहाय्यित होता. सरकारी अनुदान नाही, म्हणजे शिक्षकाच्या पगारापासून संगणकापर्यंतचा खर्च मुलांच्या शुल्कातून. ज्या इमारतीत सकाळी बी.कॉम. चाले, तिथेच दुपारी बीएमएस भरे आणि त्याचे शुल्क बी.कॉम.च्या कितीतरी पट असे. शिकवायला बरेचदा तासिका तत्त्वावरचे शिक्षक. पाठोपाठ लेखा-वित्ताचा बीएएफ, बँकिंग-विम्याचा बीबीआय, वित्तीय बाजारांचा बीएफएम आले. पुणे, नागपूर, कोल्हापूरच्या विद्यापीठांत बीबीएने तीच वाट धरली.

दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तशी या पदवीची गत झाली. शुल्क व्यावसायिक, पण शुल्क ठरवणारे नियामक प्राधिकरण नाही. प्रवेश पारंपरिक, पण जागांवर व्यवस्थापन कोटा. फी भरणाऱ्या पालकाला दाद मागायची तर विद्यापीठाखेरीज जागा नव्हती.

शेजारच्या घरात, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक शिक्षणात, याआधीपासूनच मोठी उलथापालथ चालू होती. 1983 पासून महाराष्ट्राने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दारे उघडली, त्याबरोबर देणग्यांचा बाजार आला आणि 1987 मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै प्रकरणात 2002 मध्ये खासगी संस्थांची स्वायत्तता मान्य केली. 2005 मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात न्यायालयाने सांगितले की सरकार विनाअनुदानित संस्थांवर आपला कोटा लादू शकत नाही, मात्र प्रवेश पारदर्शक आणि गुणवत्तेवर हवेत, नफेखोरी नको, आणि त्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षेची व्यवस्था करता येईल. हा खटला आपल्याच राज्यातला. त्याच विचारातून 2015 चा महाराष्ट्राचा विनाअनुदानित खासगी व्यावसायिक शिक्षणसंस्थांचा कायदा आला आणि प्रवेश नियामक प्राधिकरण, शुल्क नियामक प्राधिकरण व सीईटी सेल यांची आजची घडी बसली. इंजिनिअरिंग, फार्मसी, एमबीए या सगळ्यांचे प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेत, म्हणजे राज्याच्या एकाच सामाईक यादीतून, होऊ लागले. बीएमएस आणि बीबीए बाहेरच राहिले. त्याआधी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांना एआयसीटीईची पूर्वपरवानगी लागते का, हाच मुद्दा हलवून टाकला होता. अशा वातावरणात पदवीच्या वर्गांकडे लक्ष देण्याची घाई कुणालाही नव्हती.

विद्यापीठांचे शैक्षणिक नियम मात्र सतत हलत होते, आणि मुलांना रोज झळ लागायची ती त्यांची. मुंबईत 2011-12 पासून श्रेयांक (क्रेडिट) आणि सत्र पद्धत आली, लेखी आणि अंतर्गत गुणांचे प्रमाण 60:40 झाले. पुढे ते 75:25 वर गेले, आणि 2016-17 मध्ये निवडीवर आधारित श्रेयांक पद्धत आली. हजेरी 75 टक्के, उत्तीर्ण व्हायला 40. दर सहा महिन्यांनी परीक्षा, आणि काही विषय राहिले तर ‘एटीकेटी’ घेऊन पुढच्या वर्षात बसायची मुभा. पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा कॉलेजांनी घ्यायच्या, तिसऱ्या वर्षाची विद्यापीठाने. म्हणजे दोन वर्षे मुलाचे मोजमाप कॉलेजाच्या मापाने आणि शेवटी एकदम विद्यापीठाच्या. 2017 च्या उन्हाळ्यात मुंबई विद्यापीठाने सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय पुरेशा तयारीविना घेतला आणि निकाल महिनोन्‌महिने लांबले. सर्वाधिक भरडले गेले ते वाणिज्य आणि विधीचे विद्यार्थी. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत हुकली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावे लागले. परदेशी विद्यापीठांत, एमबीएला, नोकरीवर रुजू व्हायचे होते त्यांचे गेलेले महिने मात्र कुणी परत देऊ शकले नाही. तयारीआधी नियम बदलला की किंमत विद्यार्थी मोजतो, हे तेव्हाच स्वच्छ दिसले होते.

2021 मध्ये करोनामुळे बारावीची परीक्षाच झाली नाही. मूल्यमापन अंतर्गत झाले, निकाल 99.63 टक्के लागला आणि कटऑफ आकाशाला भिडले. बारावीच्या गुणांवर प्रवेश देण्याची पद्धत किती नाजूक आहे, हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिले. पदवी प्रवेशासाठी सीईटी घ्यायची का, याची चर्चाही झाली. पारंपरिक अभ्यासक्रमांना सीईटी नको, असे सरकारने ठरवले. बीएमएस, बीबीए तेव्हा या पारंपरिकांतच गणले गेले.

मग दोन बदल एकाच वेळी आले. 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीचा आराखडा ठरला. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथ्या वर्षी ऑनर्स. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 श्रेयांक, चार वर्षांच्या पदवीला 160 ते 176. मधेच बाहेर पडायचे तर चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप हवी. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), ओजेटी (कामाच्या जागी प्रशिक्षण) हे शब्द कॉलेजच्या नोटीस बोर्डावर आले. स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून हे लागू झाले.

त्याच सुमारास, डिसेंबर 2023 मध्ये, एआयसीटीईने 2024 ते 2027 साठीची मान्यता पुस्तिका जाहीर केली आणि बीबीए, बीसीए, बीएमएस आपल्या कक्षेत घेतले. 1987 च्या व्याख्येत जे कागदावर होते, ते छत्तीस वर्षांनी वर्गात पोहोचले. परिषदेची मान्यता घेतली की अभ्यासक्रम व्यावसायिक ठरतो, आणि व्यावसायिक ठरला की 2015 चा कायदा, सीईटी, केंद्रीभूत प्रवेश आणि शुल्क नियमन ही साखळी पाठोपाठ येते. निर्णय तत्त्वतः योग्यच होता, असे मला ठामपणे वाटते. पंचवीस वर्षे व्यावसायिक दराने शुल्क घेणाऱ्या अभ्यासक्रमाला हिशेब द्यावाच लागायला हवा.

पण तो राबवला गेला कसा, ते पाहा. डिसेंबरात नियम, मार्चपासून सीईटीची नोंदणी, म्हणजे बारावीचे पेपर जेमतेम संपत असताना. मुलांना वर्षभर कुणी सांगितलेले नाही, शिक्षकांनाही पुरते माहीत नाही. परीक्षा नव्वद मिनिटांची, शंभर प्रश्नांची: इंग्रजी 40, तर्कक्षमता 30, सामान्यज्ञान 15, संगणकाची तोंडओळख 15. नकारात्मक गुण नव्हते, ही जमेची बाजू. पण शंभरपैकी चाळीस गुण इंग्रजीचे आणि उरलेले प्रश्नही इंग्रजीतूनच. बारावी वाणिज्य मराठी माध्यमातून केलेल्या, पुस्तपालन आणि चिटणिसाची कार्यपद्धती मन लावून शिकलेल्या मुलीने त्या विषयांच्या अभ्यासाचे काय करायचे? लेखाकर्माचा एकही प्रश्न नसलेली परीक्षा तिच्या व्यवसायशिक्षणाची पात्रता ठरवते, हे मला पटत नाही. 1999 ची शाखानिहाय वाटणी तरी तिची जागा राखून ठेवत होती.

जागा भरेनात म्हणून 4 ऑगस्ट 2024 रोजी अतिरिक्त सीईटी घ्यावी लागली. तोवर बी.कॉम.च्या गुणवत्ता याद्या जूनमध्येच लागून वर्ग सुरू झाले होते. थांबायची ऐपत आणि धीर असणारे थांबले, बाकीच्यांनी मिळेल तिथे नाव घातले. हजारो जागा रिकाम्या राहिल्या. अनेक महाविद्यालयांनी दुसरी वाट काढली. परिषदेची मान्यता घेण्याऐवजी बीएमएसचे नाव बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) केले आणि प्रवेश पूर्वीसारखे बारावीच्या गुणांवर दिले. अभ्यासक्रम जवळपास तोच, पाटी वेगळी. कॉलेजांची अडचण खरी होती, तुकड्या ओस पडल्या तर शिक्षकांचे पगार कुठून द्यायचे? पण त्यामुळे ही पदवी पुन्हा दोन घरांत विभागली गेली.

पाटीचा हा फरक कागदापुरता नाही. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. अट एकच महत्त्वाची: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, संस्था स्तरावरचा किंवा व्यवस्थापन कोट्यातला नको. म्हणजे सीईटी चुकली की ही सवलतही चुकली. नाव बदललेल्या अभ्यासक्रमात गेलेल्या मुलीला वर्ग तोच मिळेल, पण व्यावसायिक अभ्यासक्रमाची ही माफी आणि शुल्क नियामक प्राधिकरणाचे छत्र तिला त्या पाटीखाली शोधावे लागेल.

2025 मध्ये सीईटी एप्रिलअखेरीस सुरू झाली, नोंदणी वाढली, पण तरीही जुलैमध्ये अतिरिक्त परीक्षा घ्यावीच लागली. त्यामुळे बारावी वाणिज्यच्या वर्गात बसलेल्या मुलाने आणि त्याच्या पालकांनी आज तीन गोष्टी आधी तपासाव्यात: कॉलेजच्या पदवीचे नेमके नाव काय, त्याला एआयसीटीईची मान्यता आहे का, आणि त्या जागा केंद्रीभूत प्रक्रियेत आहेत की कॉलेजच्या गुणवत्ता यादीत. सीईटीची नोंदणी बारावीच्या परीक्षेच्या आसपासच सुरू होते आणि निकालाची वाट पाहत बसले तर ती हातची जाते.